फादर जहाजावर आले की

फादरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, आणि पाहून त्यांना काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी फेरीबोटीत बसावं लागलं तेव्हा मात्र वाटलं. पाऊण तासाच्या प्रवासात ते तीनदा कठड्यावर ओणवे झाले. काठावर उतरल्यावर त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की यापुढे पाण्याशी आपला संबंध पिण्यापुरता आणि बाप्तिस्म्यापुरता.

पण हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. ते एका ख्रिस्ती धर्मसंघातले धर्मगुरू. संघात शिरताना माणूस तीन व्रतं घेतो: दारिद्र्याचं, ब्रह्मचर्याचं आणि आज्ञापालनाचं. पहिल्या दोनांबद्दल लोक फार कुतूहलाने विचारतात. फादर म्हणायचे, "अहो, खरी मेख तिसऱ्यात आहे."

संघात ते शिरले तेही एका दुरुस्तीच्या कामामुळे. वडील सुतार. जवळच्या मठात चॅपेलमधले जुने बाक डुगडुगायला लागले म्हणून वडिलांना बोलावणं आलं आणि हाताखाली सतरा वर्षांचा हा मुलगा गेला. तीन आठवड्यांचं काम होतं. तेवढ्यात मुलाने एक गोष्ट टिपली, की इथे वीस-बावीस पुरुष एका छपराखाली राहतात आणि कोणी कोणावर ओरडत नाही. घरी पाच भावंडं, दोन काका, आजोबा आणि दिवसभर चालणारी करवत. तिथे घसा ताणल्याशिवाय ताटात मीठसुद्धा पडत नसे. काम संपलं त्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, मी इथेच राहू का?"

वडिलांना वाटलं, एखादा बाक अजून डुगडुगतोय.

खरा अर्थ कळल्यावर ते बराच वेळ रंधा पुसत बसले. मग म्हणाले, "राहा. देवाला सुतार काही नवा नाही." थोरली ताई मात्र भडकली. "याला स्वतःची गादी नीट घालता येत नाही," ती म्हणाली, "आणि हा निघालाय जगाचं भलं करायला!" पण निघायच्या दिवशी तिनेच त्याचे सगळे सदरे इस्त्री करून दिले. मठात गेल्यावर त्याला हळूहळू कळलं की तिथेही लोक ओरडतात, फक्त हळू आवाजात.

शिक्षण झालं, धर्मगुरूपदाची दीक्षा झाली, मग पंधरा वर्षं त्यांनी संघाच्या शाळेत भूमिती शिकवली. मुलांना ते आवडत, त्यांना मुलं आवडत, आणि फळ्यावर काढलेलं वर्तुळ हात न टेकता गोल येत असे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी प्रांतप्रमुखांनी बोलावलं. प्रांतप्रमुख म्हणजे त्या भागातल्या संघाच्या सगळ्या घरांचे मुख्य; कोणी कुठे जायचं हे तेच सांगतात.

"बंदरावर काम करणारे आपले फादर वारले," ते म्हणाले. "त्यांच्या जागी तुम्ही जा."

"मला पोहता येत नाही."

"जहाजावर पोहायचं नसतं."

"मला बोट लागते."

"जहाज धक्क्याला बांधलेलं असतं तेव्हाच वर जायचं."

"दुसरं कोणी—"

"दुसरं कोणी नाही."

तिसरं व्रत ते हेच. महिनाभरात फादर आपली एक ट्रंक घेऊन बंदरावर हजर झाले.

बंदरावरचं त्यांचं कार्यालय म्हणजे एक टाकाऊ कंटेनर होता. त्याला बाजूने खिडकी कापलेली, आत दोन सोफे, चहाची किटली, आठ-दहा भाषांतली जुनी मासिकं आणि एका कोपऱ्यात लोकरीच्या टोप्यांचं खोकं. टोप्या जवळच्या मठातल्या म्हाताऱ्या सिस्टर विणत. दुसरी मिळकत म्हणजे एक व्हॅन, जिचं मागचं दार आतून उघडत नसे. फाटकावरचा सुरक्षारक्षक रोज सकाळी त्यांचा पास बघे, फोटो बघे, फादरांकडे बघे आणि परत फोटो बघे. चार वर्षांनी फादरांनी विचारलं, "अजून ओळख पटली नाही का?" रक्षक म्हणाला, "तुमची पटलीय हो. फोटोतला माणूस कोण ते कळत नाही."

काम तसं साधं होतं. जहाज धक्क्याला लागलं की शिडी चढून वर जायचं आणि काय हवं ते विचारायचं. शिडी हा साधेपणातला कठीण भाग. ती जहाजाच्या कुशीला तिरकी टांगलेली असते, प्रत्येक पावलाला हलते, खाली जाळं बांधलेलं असतं आणि त्या जाळ्यातून खालचं काळं पाणी दिसतं. पहिलं वर्षभर फादरांनी जाळ्याकडे न बघता, भूमितीतली प्रमेयं मनात म्हणत शिडी चढली. नऊ-दहा महिने घर न पाहिलेल्या खलाशांच्या मागण्या अगदी छोट्या असत. कोणाला सिमकार्ड, कोणाला साबण, कोणाला चष्म्याची काडी बसवून. कोणाला काहीच नको असे. जहाजावरचा नसलेला एक माणूस अर्धा तास समोर बसावा, एवढंच. मागणी आली तर फादर तिथेच मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासनाही करत. खलाशांच्या जेवणाच्या टेबलावर, पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यावर, म्हणजे द्राक्षारसाचा प्याला घसरत नाही.

आणि एक काम असं होतं, की ज्याबद्दल प्रांतप्रमुख काही बोलले नव्हते.

खलाशाच्या घरचं कोणी वारलं, की घरचे जहाज कंपनीला कळवत. कंपनी कप्तानाला कळवे. कप्तान वादळाला भीत नसे, पण एका माणसाला समोर बसवून "तुझी आई गेली" हे सांगताना त्याच्या तोंडचं पाणी पळे. मग कंपनीचा बंदरावरचा एजंट फादरांना फोन करी. "फादर, एक निरोप आहे," तो म्हणे. निरोप म्हटलं की फादर हातातला चहा खाली ठेवत.

त्यांना ते काम जमत होतं, हीच पंचाईत झाली. ते माणसाला बाजूला नेत, खाली बसवत, एका वाक्यात सांगत आणि मग गप्प राहत. पण जहाजं फिरती असतात आणि खलाशी बोलके. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की पांढरा झगा शिडीवर दिसला, की वर हातातली कामं थांबत. एकदा एका जहाजावर पाय ठेवताच सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "फादर, कोणाचं?"

त्या दिवशी फादर नुसत्या लोकरीच्या टोप्या घेऊन आले होते.

तेव्हापासून त्यांनी बंदरावर झगा घालणं सोडलं. साधी पँट, शर्ट आणि गळ्यात छोटा क्रूस. शिवाय पिशवीत डॉमिनोच्या ठिपकेवाल्या सोंगट्यांचा डबा ठेवायला सुरुवात केली. निरोप नसतानाही ते जहाजावर जात, खेळायला बसत आणि बहुतेक वेळा हरत. लोकांना कळावं, की फादर आले म्हणजे कोणी गेलंच असं नाही.

सहाव्या वर्षी त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. एजंटने नाव सांगितलं, वडील वारल्याचं सांगितलं. त्या नावाचा माणूस इंजिनात कामाला होता. फादरांनी त्याला बाहेर बोलावलं, बसवलं, सांगितलं. तो धाय मोकलून रडला. फादर शेजारी बसून राहिले. चाळीस मिनिटांनी एजंटचा फोन आला. त्याच जहाजावर त्याच नावाचा आणखी एक माणूस होता, डेकवर रंग देणारा. निरोप त्याचा होता.

इंजिनवाला आधी हसला, मग त्याने फादरांना मिठी मारली. मग त्याच्या ध्यानात आलं, की निरोप आता पलीकडे रंगाचा डबा घेऊन शीळ घालत उभ्या असलेल्या आपल्या मित्राचा आहे. मिठी सुटली. शिडीपर्यंत पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, "फादर, चाळीस मिनिटं माझे वडील मेले होते." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

फादरांनी हे आपल्या पापनिवेदनात सांगितलं, मग प्रांतप्रमुखांकडे जाऊन बदली मागितली. प्रांतप्रमुखांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "तुम्ही ही चूक आता परत करणार नाही. नवा माणूस करील. तेव्हा तुम्हीच राहा."

फादर राहिले. पण त्या दिवसापासून त्यांनी एक शिस्त लावून घेतली. पूर्ण नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव, आणि निरोप देणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, हे सगळं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एजंट बदलत गेले, प्रत्येक नवा एजंट या चौकशांना वैतागत गेला. फादर बधले नाहीत.

अशी बावीस वर्षं गेली. फादर त्रेसष्टचे झाले. गुडघे कुरकुरायला लागले होते, शिडी पूर्वीपेक्षा लांब वाटायची. आणि मग एका बुधवारी दुपारी बारा वाजता एजंटचा फोन आला.

"फादर, निरोप आहे. धान्याच्या जहाजावरचा स्वयंपाकी. त्याच्या गावाकडे बस पुलावरून खाली गेली. बायको आणि मुलगी, दोघी होत्या. जहाज सहाला सुटतंय, त्याआधी सांगून टाका. दुसरा स्वयंपाकी बघून ठेवलाय मी."

फादरांनी कागद ओढला. "होत्या म्हणजे? बसमध्ये होत्या, की गेल्या?"

"बसमध्ये होत्या म्हणजे गेल्याच ना, फादर."

"इमेलमध्ये काय लिहिलंय ते वाचा. शब्द न् शब्द."

एजंटने सुस्कारा टाकून वाचलं. बायकोची पिशवी बसमध्ये सापडली, आत ओळखपत्र होतं, घरी कोणी फोन उचलत नाही. कंपनीला कोणी कळवलं, ठाऊक नाही. प्रेतं कोणी ओळखली, ठाऊक नाही.

"मग मला अजून काहीच ठाऊक नाही," फादर म्हणाले.

"फादर, जहाज सहाला सुटतंय!"

"ऐकलं मी ते."

फोन ठेवून त्यांनी कपाटातून संघाची डिरेक्टरी काढली. जगभरात संघाची जिथे जिथे घरं आहेत त्यांची ती जाडजूड यादी. एरवी तिचा उपयोग खिडकी उघडी राहावी म्हणून टेकू लावायला होई. स्वयंपाक्याच्या गावापासून साठ किलोमीटरवर संघाचा एक छोटा दवाखाना होता. फादरांनी नंबर फिरवला. चौथ्या खेपेला एका घोगऱ्या आवाजाच्या ब्रदरांनी उचलला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. फादरांनी तीन मिनिटांत सगळं सांगितलं.

"रस्ता खराब आहे," ब्रदर म्हणाले. "मोटरसायकलने दोन-अडीच तास लागतील. पण नुसतं विचारून सांगू, की डोळ्यांनी बघून?"

"डोळ्यांनी."

"बरं." आणि फोन बंद झाला.

आता प्रश्न असा होता, की हे तीन तास काढायचे कुठे? कार्यालयात बसावं, तर मधल्या वेळेत कोणाच्या तरी फोनवर बातमी जहाजावर पोचायची आणि स्वयंपाक्याला ती भांडी घासता घासता, कोणाच्या तरी तोंडून कळायची. फादरांनी डॉमिनोचा डबा पिशवीत टाकला आणि निघाले.

शिडीच्या टोकाला कप्तान वाट बघत होता. पस्तिशीचा असेल. त्याने फादरांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी जहाजाचं इंटरनेट बंद करून ठेवलंय," तो कुजबुजला. "सगळे शिव्या देतायत. सांगितलंत की सुरू करतो."

"अजून नाही सांगायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून खरं काय ते माहीत नाही. कळलं की सांगू. तोवर मी त्याच्यापाशी बसतो."

कप्तानाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं, आता ओझं उतरलं.

जहाजाचं स्वयंपाकघर अरुंद होतं. भिंती पत्र्याच्या, शेगडीला बाजूने कठडे, सुऱ्या चुंबकपट्टीला चिकटवलेल्या. स्वयंपाकी ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, चाळिशीतला. रात्रीच्या जेवणासाठी बटाट्यांची गोणी उघडून बसला होता. फादरांना बघून त्याने स्टुलावरचं फडकं उचललं. "या, बसा. चहा घेणार? कोणासाठी आलात आज?"

फादरांनी वर येताना शिडीवरच ठरवलं होतं, की खोटं बोलायचं नाही. "बटाट्यांसाठी," ते म्हणाले आणि एक सुरी उचलली.

स्वयंपाकी खूश झाला. "सिमकार्ड आणलीत का? आज नेट मेलंय आणि मला घरी फोन करायचाय."

फादरांच्या पिशवीत सात सिमकार्डं होती. "आणलीत," ते म्हणाले. "जाण्याआधी देतो. आधी हे उरकू."

"घाई नाही तशी." स्वयंपाक्याने एक बटाटा उचलला, फिरवला, परत ठेवला. "खरं सांगू का फादर, चार दिवस झाले, बायकोशी बोललो नाही. भांडण झालं. पाण्याच्या टाकीवरून. ती म्हणते गच्चीवर बसवू, मी म्हणतो मागच्या अंगणात. मी इथे हजारो मैलांवर आणि मला अंगणाची पडलीय! चिडून फोन ठेवला. तिनेही नाही केला. दोघंही हट्टी. आज म्हटलं आपणच माघार घ्यावी. तर नेट बंद. बघा नशीब."

फादरांच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी ती परत चालवली, कारण हात थांबला असता तर चेहरा दिसला असता.

"पोरगी बारा वर्षांची आहे," स्वयंपाकी सांगत होता. "तिचं म्हणणं, तुम्ही दोघं भांडता तेव्हा मला अभ्यासातून सुट्टी मिळते, तेव्हा भांडत जा." तो स्वतःच हसला. मग पोरीच्या आणखी चार गोष्टी झाल्या. फादरांनी सगळ्या ऐकल्या. इतकी वर्षं निरोप पोचवले, पण निरोप खिशात ठेवून त्याच माणसाचा चहा पिण्याची वेळ कधी आली नव्हती. आपण दया करतोय की फसवणूक, त्यांना कळेना. या माणसाला हक्काने रडायचे तीन तास आपण चोरत तर नाही? आणि बातमी खोटी असली, तर याला चाळीस मिनिटं काय, एक मिनिट तरी त्या आगीत का घालायचं?

पत्र्याच्या त्या खोलीत फोनला रेंज नव्हती. दर वीस मिनिटांनी फादर "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत, लोखंडी जिना चढून डेकवर जात, फोन बघत आणि परत खाली येत. गुडघे ठणकत होते. तिसऱ्या खेपेला जिन्यात सारंग भेटला. पांढऱ्या मिशांचा, जुना माणूस. त्याने एकदा फादरांकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे, आणि काही न विचारता बाजूला सरकून वाट दिली. नंतर फादर बघतात तर तो स्वतःच एक सुरी घेऊन, टाकीच्या भांडणाची गोष्ट ऐकत बटाटे सोलायला बसला होता. स्वयंपाकी म्हणाला, "आज काय माझा वाढदिवस आहे का?"

गोणी संपली. डॉमिनोचा डाव मांडला. फादर पहिला हरले, दुसरा हरले. तीन वाजले. सव्वातीन.

तीन चाळीसला ते डेकवर उभे असताना फोन वाजला.

आधी नुसता वारा ऐकू आला, मग कोंबड्यांचा आवाज, मग तो घोगरा आवाज. "फादर? ऐकू येतंय? दोघी माझ्यासमोर उभ्या आहेत."

"कोण दोघी?" फादरांच्या तोंडून निघून गेलं.

"आई आणि मुलगी. धडधाकट. बस सुटण्याआधी पोरीला पोटात ढवळलं म्हणून खाली उतरल्या. पिशवी सीटवरच राहिली. ड्रायव्हर थांबला नाही. बाईंचा फोनही पिशवीतच. त्या सकाळपासून बसवाल्यांना शिव्या घालतायत, आणि पुलाचं त्यांना मी येईपर्यंत माहीतसुद्धा नव्हतं." ब्रदर जरा थांबले. "चौघं गेले, फादर. बाकीचे दवाखान्यात आहेत. मी आता तिकडेच जातोय."

फादर दोरखंडाच्या वेटोळ्यावर मटकन बसले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांनी त्या चौघांसाठी क्रूसाची खूण केली. तेवढ्यात पलीकडून फोन कोणीतरी हिसकावून घेतला.

"तो आहे का तिथे?" बाईमाणसाचा खणखणीत आवाज. "चार दिवस फोन नाही! माणूस आहे की धोंडा? द्या त्याला!"

"देतो, देतो," फादर म्हणाले, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "फोन ठेवू नका हं, बाई. अजिबात ठेवू नका."

खाली नेला तर रेंज जायची. त्यांनी फोन कप्तानाच्या हातात दिला, जो केव्हाचा येऊन मागे उभा होता, आणि स्वतः जिना उतरले. इतक्या वेगाने ते गेल्या दहा वर्षांत उतरले नव्हते. दारात उभे राहिले तेव्हा गालांवर पाणी होतं आणि धाप लागली होती. स्वयंपाक्याने वर पाहिलं. सारंगाने पाहिलं. सारंगाचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोघी बऱ्या आहेत!" फादर ओरडले. "दोघी अगदी बऱ्या आहेत!"

स्वयंपाकी गोंधळला. "कोण दोघी?"

"तुझी बायको आणि मुलगी! बायको वर फोनवर आहे!"

"बऱ्या आहेत म्हणजे? बऱ्या नसायला काय झालं?"

सारंगाने त्याला दंडाला धरून उठवलं आणि जिन्याकडे ढकललं. "वर जा आधी. बायको फोनवर आहे तुझी. आणि टाकी गच्चीवर बसव म्हणावं, विषय संपव."

स्वयंपाकी डेकवर कठड्याला टेकून वीस मिनिटं बोलला. म्हणजे पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऐकत होता. मधेच कधीतरी बाईंनी पुलाचं सांगितलं असावं, कारण तो खाली बसला आणि त्याने डोळ्यांवर मनगट दाबलं. फादर आणि कप्तान लांब उभे राहून समुद्राकडे बघत होते, म्हणजे बघितल्यासारखं करत होते. कप्तानाने इंटरनेट सुरू केलं आणि जहाजाच्या पोटातून कुठून तरी आनंदाची आरोळी आली.

फोन परत द्यायला आला तेव्हा स्वयंपाक्याचा आवाज बसला होता.

"फादर, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"बारापासून. पण माहीत असं काहीच नव्हतं."

"आणि तुम्ही माझ्याकडे बटाटे सोलत बसलात."

"हो."

फादरांना वाटलं, आता हा चिडणार, आणि चिडला तर त्याचं चूक नाही. स्वयंपाक्याने खांद्याने नाक पुसलं.

"तरीच म्हटलं," तो म्हणाला. "इतकी जाड सालं निघत होती. अर्धाअर्धा बटाटा गेला, फादर. वीस माणसांचा स्वयंपाक आहे माझा." आणि मग त्याने फादरांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखा रडला. फादरांनी त्याला रडू दिलं. हे रडणं बघायला त्यांची अजिबात हरकत नव्हती.

जहाज सहाला सुटलं, त्याच स्वयंपाक्याला घेऊन. फादरांनी धक्क्यावरून एजंटला फोन केला. एजंटने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फादर, मला तर इमेल वाचून... मी तर सांगून टाका म्हणालो होतो."

"तुम्हाला आलं तेच तुम्ही सांगितलंत," फादर म्हणाले. "पुढच्या वेळी नुसतं सांगू नका, मला ते वाचून दाखवा."

संध्याकाळी फादर राहत त्या संघाच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिथल्या घरप्रमुखांनी, जे फादरांचे एके काळचे विद्यार्थी, विचारलं, "आजचा दिवस कसा गेला?" फादरांनी सांगायला सुरुवात केली आणि सूप गार झालं तरी कोणी चमचा उचलला नाही. एरवी जेवताना पेंगणारे सगळ्यांत वृद्ध फादरही "मग? मग काय झालं?" म्हणत पुढे सरकले.

आठाच्या सुमारास ब्रदरांचा फोन आला. ते नुकतेच जखमींना बघून परतले होते.

"मी आभार मानायला फोन करणारच होतो," फादर म्हणाले.

"आभार राहू द्या. तुम्हाला एक सांगायचं होतं, इथे दुसरं कोणी नाही सांगायला." ब्रदर जरा खाकरले. "त्या घरापुढे गाडी उभी केली ना, तर दार बंद. मी पंचवीस वर्षं दवाखान्यात आहे, फादर, पण ते दार वाजवायला माझा हात उचलेना. तसाच उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. आणि आतून भांड्यांचा आवाज आला. कोणीतरी जोरजोरात भांडी आपटत होतं, रागाने आपटतात तशी. मी दारातच हसायला लागलो. बाईंनी दार उघडलं तर समोर धुळीने माखलेला एक अनोळखी माणूस हसतोय. झाडूच उगारला त्यांनी."

दोघंही फोनवर हसत राहिले. दोन म्हातारे, कधी न भेटलेले, हजारो मैलांवरून. मग ब्रदर म्हणाले, "चला, मला अजून दोघांच्या जखमा बघायच्यात," आणि फोन ठेवला.

फादर त्यानंतर आणखी तीन वर्षं शिडी चढले. मग गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि प्रांतप्रमुखांनी, हे आता तिसरे, एका तरुण फादरांना आणि एका सिस्टरांना त्यांच्या हाताखाली दिलं. फादर आता धक्क्यावर व्हॅनमध्ये बसून दोघांना वर जाताना बघतात आणि खालून सूचना करतात, ज्या वाऱ्यामुळे वर कोणाला ऐकू येत नाहीत. परवा त्या सिस्टरांना पहिला निरोप आला. त्यांनी चार ठिकाणी फोन करून सगळी माहिती काढली, निरोप खरा निघाला, आणि त्या जाऊन नीट सांगून आल्या. परत आल्यावर व्हॅनमध्ये गप्प बसून राहिल्या. फादरांनी थर्मासमधला चहा ओतून दिला. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, "निघू या," तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली.

त्या बुधवारच्या संध्याकाळी मात्र घरप्रमुखांनी फादरांना सांगितलं, की उद्या सकाळची मिस्सा मी करीन, तुम्ही झोपा. फादर एरवी असल्या सवलती घेत नसत. त्या दिवशी मुकाट्याने "बरं" म्हणाले, गुडघ्यांना मलम चोळलं, नऊला दिवा मालवला आणि सकाळी साडेसातपर्यंत डाराडूर झोपले.